नाकाशी सरस कमी पडला

लिही. त्या प्रदर्शनवाल्या मुलीने अर्धं पान मागितलंय ना, भिंतीवर लावायला? अर्ध्या पानात माझा भाऊ मावत नाही. नातीबाई, तू सगळं लिहून घे, तिला काय कापायचं ते ती कापेल. आणि मी बोलते तेच लिही, माझ्या बोलण्याला इस्त्री करू नकोस.

खरं तर तिने त्यालाच विचारलं होतं, की मिस्त्री, तुमच्याबद्दल चार ओळी द्या. तर म्हणाला, "ताईला विचारा, तिला तोंड आहे." आहेच मला तोंड. तोंड नसतं तर आजही त्या फळीखाली 'परदेशी बनावट' लिहिलेलंच राहिलं असतं.

माझा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा. आमचे वडील बाकांच्या कारखान्यात सुतार होते. शाळेतले बाक, बसायचे. ते गेले तेव्हा मालकाने आम्हा दोघांना कामावर घेतलं. भाऊ करवतीवर, मी सरसावर. सरस म्हणजे काय ते आता कोणाला माहीत नाही. जनावराच्या कातड्या-हाडांचा डिंक तो, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून तापवायचा आणि गरम आहे तोवर ब्रशने ओढायचा. वास असा, की कारखान्यातून घरी गेले की मांजरसुद्धा दोन पावलं मागं सरायचं. त्या बाकांच्या पाठी वाकवलेल्या असायच्या. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून साच्यात दाबायचे, वरून ट्रकचा जॅक लावायचा, आणि तीन दिवस हात लावायचा नाही. हे काम आम्ही दोघं डोळे मिटून करायचो.

तर एकदा एक श्रीमंताघरचा मुलगा मोडलेली फळी घेऊन आला. चाकाची फळी, तुमच्या भाषेत स्केटबोर्ड. कोणी काकाने परदेशातून आणलेली. मधोमध दोन तुकडे. म्हणाला, जोडून द्या. भावाने तुकडा उचलला आणि मोडलेल्या जागी बघतच राहिला. "ताई, हे बघ. सात पापुद्रे. आणि दोन आडवे." दोन दिवस तो तुकडा उशाशी घेऊन झोपला. तिसऱ्या दिवशी बाकाच्या पाठीच्या साच्यात त्याने पहिली फळी दाबली. पाठीचा बाक होता ना, तोच फळीच्या नाकाला आणि शेपटाला आला. एवढा सोपा मार्ग, पण डोकं लागतं.

फळी झाली, मग चालवून बघायला नको? पहिल्याच उतारावर दोन्ही गुडघे फोडून आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सहा महिने त्याच्या गुडघ्यांवर खपली धरलीच नाही. गल्लीने नाव ठेवलं गुडघेमिस्त्री. आजही पोस्टमन तेच विचारतो.

मग मुलं यायला लागली. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने दहांना. भावाची पद्धत अशी: मुलाला पाठमोरं उभं करायचा, बोलता बोलता मागून हलकाच धक्का द्यायचा. तोल सावरायला जो पाय पुढे पडेल, तो त्याचा पुढचा पाय. मग पावलाचं माप, वजनाचा अंदाज, सगळं पेन्सिलने मधल्या पापुद्र्यावर लिहायचा. कागद हरवतो, म्हणायचा, लाकूड हरवत नाही. आणि त्या अक्षरांवरून मी सरसाचा ब्रश फिरवायचे. काय लिहिलंय ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, हा आपलं नाव लिहितो, चित्राखाली लिहितात तसं. मला वाचता येत असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण ते येईल पुढे.

एक माझीही खोड लिहून ठेव. मी ब्रश शेपटाकडून सुरू करायचे आणि नाकाशी पोचेपर्यंत सरस कमी पडायचा. भाऊ ओरडायचा, "ताई, नाकाशी उपाशी ठेवू नकोस!" मी म्हणायचे, "तुझ्या नाकापेक्षा बरं आहे."

बंद पडलेल्या क्लबचा पोहण्याचा तलाव होता, कोरडा ठणठणीत, निळ्या फरशांचा. तिथे संध्याकाळी ही मुलं. वर जायची, खाली यायची, पडायची, हसायची. मी डबा घेऊन काठावर बसायचे. चाकं आधी लोखंडी होती, मोडक्या रोलर स्केटची. असा आवाज, की दात हलतील. नंतर मऊ चाकं आली. एवढीच मजा. जास्त लिहू नकोस, नाहीतर तूही त्या 'काय दिवस होते' म्हणत उसासे टाकणाऱ्यांतली होशील.

कारण खरं काय होतं? खरं होतं ते भांडण. कोणी वरून पाणी ओतलं, कोणी काचा पेरल्या, आणि क्लबच्या पहारेकऱ्याने तर तलावात डांबर टाकलं. "टवाळ पोरं, त्यांचा टवाळ मिस्त्री." आणि सगळ्यांच्या वरताण शाळेतला कवायतीचा मास्तर. उभा काठीसारखा आणि हातातही काठी. सकाळी शाळेच्या फाटकात उभा राहायचा आणि ज्याच्या काखेत फळी दिसेल त्याच्याकडून ओढून घ्यायचा. वर बारा छड्या. फळ्या खेळाच्या सामानाच्या खोलीत, कुलूप त्याच्या कमरेला. "वर्ष संपलं की मिळेल." किती वर्षं संपली, एकही मिळाली नाही.

भाऊ एकदा गेला मागायला. टोपी हातात धरून. मास्तर म्हणाला, "सुतार आहेस ना? मग सुतारासारखा राहा. पोरांचे हातपाय मोडायचा धंदा कोणी सांगितला तुला?" एवढ्यावर थांबला का? नाही. आमच्या मालकाला निरोप धाडला, की हा मनुष्य फळ्या करणार असेल तर शाळा बाक दुसरीकडून घेईल. मालकाने त्याच दुपारी हुकूम सोडला. भावाने साच्यात बाकाची पाठ घातली आणि जॅक फिरवला. पुढची तीस वर्षं फक्त पाठी. एकही फळी नाही. मी भांडायला निघाले तर म्हणाला, "ताई, नको." हे त्याचं आवडतं वाक्य. मी ते इतकं ऐकलंय, की माझ्या कानाला घट्टे पडलेत.

आता बघ, दिवस कसे फिरतात. गेल्या काही वर्षांत त्या जुन्या फळ्यांना भाव आला. पिकलेल्या दाढ्यांचे, पोट सुटलेले पुरुष उलट्या टोप्या घालून गावोगाव शोधत फिरतात. झिजलेली चाकं काय, गंजलेले नट काय, सोललेले स्टिकर काय! एकाने तर फाटके बूट काचेच्या कपाटात ठेवलेत. आमच्याकडे फाटके बूट उंबऱ्याबाहेर ठेवायचीसुद्धा लाज वाटायची. आणि वर उसासे, "काय दिवस होते ते!" अरे, मेलेल्या म्हशीला मणभर दूध! त्या दिवसांत तुमच्याच आया वरून पाणी ओतत होत्या.

आणि या सगळ्यांचा म्होरक्या कोण? तोच मास्तर. नव्वदीला टेकलेला, पण ताठ. कुलपातल्या त्या बेचाळीस फळ्या निवृत्तीच्या वेळी घरी नेल्या होत्या त्याने, आणि आता शाळेच्याच सभागृहात भिंतीला टांगल्या. नाव दिलं, 'जपलेला ठेवा'. जपलेला! चोराने तिजोरीला रंग दिला तर त्याला रखवालदार म्हणायचं का?

तूच मला वर्तमानपत्रातून वाचून दाखवलंस. मी भावाला म्हटलं, चल. तो म्हणाला, "ताई, नको." मी म्हटलं, "मी चालले. तू नाही आलास तर एकटी जाऊन बोलेन, आणि काय बोलेन त्याची जबाबदारी तुझी." मग आला. गुडघे धरून, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत.

आपण तिघं आत शिरलो आणि माझ्या भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. एकेका फळीपाशी उभा राहायचा, हात लावायचा नाही, नुसता वाकून बघायचा आणि पुटपुटायचा. "हा डावरा होता. याचा बाप भट्टीवर होता. हा दोनदा येऊन गेला, पाय वाढले म्हणून." बेचाळीस फळ्या, बेचाळीस मुलं. सगळी त्याला पाठ. बहुतेकांखाली पाटी, 'स्थानिक बनावट, कारागीर अज्ञात'. अज्ञात! तीन गल्ल्या पलीकडे राहतो, रोज दळण आणायला याच रस्त्याने जातो, आणि अज्ञात.

मधोमध एकच फळी काचेत. तिच्यावर वेगळा दिवा. रंग नाही, चित्र नाही, साधं लाकूड, आणि एक ओरखडासुद्धा नाही. तू पाटी वाचलीस, "परदेशी बनावट. अत्यंत दुर्मीळ. जाणीवपूर्वक रंगहीन ठेवलेला नमुना. कधीही न वापरलेला." दोन दाढीवाले तिच्यापुढे देवासमोर उभं राहावं तसे. एक म्हणे, "काय साधेपणा! हे आपल्याकडे कोणाला सुचलंच नसतं."

भाऊ ती फळी बघून एकदम मागे सरला. मला वाटलं, अपमान झोंबला. तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "ताई, बाकी राहू दे. ही परदेशी नाही, एवढं फक्त पाटीवर यायला हवं." बस, एवढंच मागणं. तीस वर्षं पाठी दाबल्या त्या माणसाचं.

मी सरळ मास्तरासमोर. म्हटलं, "मास्तर, ओळखलंत का? बाकांच्या कारखान्यातली. ही फळी माझ्या भावाने केलीय. पाटी बदला."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, इथे जाणकार लोक आले आहेत."

"मीही जाणकारच आहे. सरस मी लावलाय."

"पुरावा काय? उद्या कोणीही येईल आणि म्हणेल पलीकडचा पूल माझ्या बापाने बांधला."

"हिच्या शेपटाला आणि तुमच्या शाळेच्या बाकाला एकच बाक आहे. ठेवून बघा खाली."

हसले सगळे. एका दाढीवाल्याने फोटोसुद्धा काढला माझा, जसं काही मीही जुनं सामान. मास्तर म्हणाला, "मिस्त्री, बहिणीला घरी घेऊन जा. तुम्हा लोकांना तेव्हाही समज नव्हती." तेव्हाही! तू बघितलंस ना, भावाने मान खाली घातली? चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि टोपी अजून हातात!

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आत याच्या हाताचं लिहिलेलं आहे. मधल्या पापुद्र्यावर. उघडा, म्हणजे दिसेल."

मास्तर म्हणाला, "उत्तम. म्हणजे पुराव्यासाठी वस्तू मोडायची. फारच सोयीचं." आणि काचेची पेटी उघडून फळी चक्क माझ्यापुढे धरली. "मोडा. आणि आत काही निघालं नाही तर या सगळ्यांसमोर माफी मागा." त्याला खात्री होती, म्हातारी काय मोडते.

भाऊ माझा हात धरून म्हणाला, "ताई, नको." मग पुन्हा, "ताई, तुझ्या पाया पडतो, ही नको. दुसरी कुठलीही." मी ऐकलं, पण मला वाटलं भित्राच आहे, जन्माचा. मला वाटलं फळीवर जीव आहे. मी हात झटकला.

उद्घाटनाच्या तबकात फितीची कात्री पडलेली होती. मला माझी खोड ठाऊक. नाकाशी सरस कमी, आणि पंचेचाळीस वर्षांत उरलेलाही वाळून कोंडा झालेला. कात्रीचं पातं नाकाच्या कडेला, तिसऱ्या पापुद्र्याखाली सारलं आणि पिळलं. कर्र... पुस्तक उघडावं तशी उघडली. जोरसुद्धा लागला नाही.

आत पेन्सिल, काल लिहिल्यासारखी. मी तुला म्हटलं, "वाच मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाऊ दे." आणि तू, माझी गुणाची, घसा खाकरून वाचलंस:

"मास्तरांचा धाकटा. उजवा पाय पुढे. अंग हलकं, जास्त कडक नको. रंग लावू नये, पलंगाखाली लपवायची आहे."

तूसुद्धा शेवटच्या शब्दावर अडखळलीस.

मास्तर म्हणाला, "कुठल्या मास्तरांचा?"

त्यावर तो मघाचा साधेपणावाला दाढीवाला पुढे आला. टोपी काढली. "सर, तुमचाच. ही तुम्ही माझ्या हातातून घेतलीत, पण माझी नव्हती. तुम्ही फाटकात दिसलात तसा त्याने माझ्या हातात कोंबली आणि पळाला. कागदात गुंडाळलेली होती, मी कधी पाहिलीच नाही. आज कळतंय ती हीच." मग म्हणाला, "बारा छड्या माझ्या वाट्याला आल्या. मी नाव नाही सांगितलं."

मास्तरांचा धाकटा अठरा वर्षांचा झाल्याबरोबर घर सोडून गेला, तो पुन्हा फिरकला नाही. अख्ख्या गावाला माहीत आहे. मास्तरांनी फळीचे दोन्ही भाग उचलले, कोणाला हात लावू दिला नाही, आणि चालू लागले.

मला त्यांची दया आली असं लिहू नकोस. आली नाही. मी पाटीच बघत होते.

रस्त्यात भाऊ म्हणाला, "त्या पोराने गळ्याला हात लावून माझ्याकडून शब्द घेतला होता, की बाबांना कधी कळू देणार नाही. माझी नोकरी गेली असती तरी मी सांगितलं नसतं. तू कात्रीने फोडलास."

"मला काय माहीत आत काय आहे! मला वाटलं तुझं नाव असेल."

"माझं नाव कशाला लिहीन मी? चालवायची त्याला होती."

त्यानंतर एकोणीस दिवस माझ्याशी बोलला नाही. एका घरात, एका ओट्यावर. तुलाच निरोप, "आजीला सांग, चहात साखर कमी आहे." मीही तुझ्याकडूनच सांगायचे, "मामाआजोबांना सांग, जिभेवरच कमी आहे." मी माफी मागितली नाही. अजून मागितलेली नाही. त्या प्रदर्शनवाल्या मुलीने पाटी बदलली, रिकाम्या पेटीखाली का होईना, त्याचं नाव आलं, मी स्वतः बोट फिरवून बघून आले. तो बघायलासुद्धा गेला नाही.

विसाव्या दिवशी दुपारी दारात मास्तर. काखेत कापडात गुंडाळलेली ती फळी. पहिल्यांदा त्याच्या हातात काठी टेकायची बघितली, मारायची नाही. मी दार अडवून उभी. म्हटलं, "काय जप्त करायला आलात?"

"बाई, मिस्त्री आहेत का?"

भाऊ आतून म्हणाला, "येऊ दे त्यांना." माझ्याशी नव्हे, हवेशी.

मास्तर स्टुलावर बसले. फळी मांडीवर. त्या पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवलं. मग विचारलं, "चांगला चालवायचा का?"

माझा भाऊ, जो आयुष्यभर 'नको' म्हणत आला, तो त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "चालवली कधी? सकाळी माझ्याकडून नेली, शाळेच्या फाटकात तुम्ही घेतलीत. पुन्हा तो आलाच नाही माझ्याकडे."

इतकं कठोर मीसुद्धा बोलले नसते. बोलले असते, पण ओरडून. तो शांतपणे बोलला.

मास्तर म्हणाले, "जोडून द्या. त्याचा पत्ता मिळवलाय मी. पाठवायची आहे." आणि मग, "आणि रंग लावा. आता लपवायची नाही."

"कुठला लावू?"

मास्तर म्हणाले, "मुलांना आवडतो तो."

"त्याला कुठला?"

"मला... ते मला माहीत नाही."

"मलाही नाही," भाऊ म्हणाला. "मी विचारलं होतं, तर म्हणाला रंग नकोच. त्यालाच विचारून या. मग लावू."

फळी स्टुलावर ठेवून मास्तर गेले. अजून आलेले नाहीत, दोन महिने होत आले. विचारलं का, उत्तर आलं का, मला माहीत नाही, आणि त्यांच्यासाठी मी काही उपवास धरून बसलेली नाही.

पण ते गेले त्या दुपारी भावाने माळ्यावरचा जॅक काढला, जुना साचा पुसला. मी भाजी निवडत होते. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सरस तापव. आणि या वेळी नाकाशी उपाशी ठेवू नकोस."

मी म्हटलं, "तुझ्या नाकापेक्षा बरं आहे."

या वेळी मी नाकाकडून सुरुवात केली. त्या अक्षरांवरून ब्रश फिरवताना तुला पुन्हा एकदा वाचायला लावलं, मगच झाकली. तीन दिवसांनी काढली, घासली. खिडकीशी उभी आहे ती, बिनरंगाची. कालच तो दाढीवाला टोपी हातात घेऊन आला होता, म्हणे विकत द्याल का. मी त्याला चहा दिला, त्याने बारा छड्या खाल्ल्यात म्हणून, आणि मग सांगितलं, ही विकायची नाही, हिचा मालक आहे.